आयर्विनचे चाळीस फूट आणि आमचा उंबरा

जुलै २०२४ च्या शेवटच्या आठवड्यातील एका संध्याकाळी आमच्या घरात चार मोबाइल एकाच वेळी वाजत होते. कोणी सांगत होते की कोयनेचे दरवाजे आणखी उचलले, कोणी म्हणत होते की पाणी मध्यरात्री येणार, आणि एका संदेशात तर धरणाला तडा गेल्याचे छातीठोकपणे लिहिले होते. सांगलीत कृष्णेच्या काठी राहणाऱ्या माणसाला हे नवे नाही. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर या घराने पाहिले आहेत, आणि त्यांपैकी शेवटचे दोन माझ्या डोळ्यांसमोर आले आणि गेले. तरीही त्या संध्याकाळी निघायचे की थांबायचे हे ठरवायला आम्हाला पाच तास लागले. कागदपत्रांची पिशवी सापडेना, त्र्याऐंशी वर्षांच्या सासूबाई जागच्या हलायला तयार होईनात, आणि रात्री अकराला आम्ही निघालो तेव्हा त्यांची रक्तदाबाची गोळी घरीच राहिली. पाणी त्या वर्षी आमच्या घरात आले नाही. परंतु ते आले असते तर त्या पाच तासांची किंमत काय झाली असती, हा विचार माझ्या मनातून पुढे कित्येक दिवस गेला नाही.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. पुराच्या दिवसांत आमच्या कानांवर जे पडते ते सगळे आकड्यांतच असते, हे मला त्या रात्रीनंतर प्रथमच स्पष्ट जाणवले. धरणात इतके टीएमसी, विसर्ग इतका क्युसेक, सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इतके फूट. आकडे वेळेवर येतात आणि बहुतेक वेळा अचूकही असतात. मात्र आयर्विनला ४२ फूट झाले म्हणजे आमच्या गल्लीत नेमके काय झालेले असेल, हे ना प्रशासन सांगू शकते ना दूरदर्शनवरील निवेदक. ते ज्याचे त्यानेच काढून ठेवायला हवे. पुढच्या वर्षभरात आम्ही जे केले ते एवढेच: पुलावरचा आकडा स्वतःच्या उंबऱ्यापर्यंत आणला आणि त्याप्रमाणे घर लावून घेतले. ज्यांना असेच काही करायचे आहे त्यांच्यासाठी ते क्रमाने लिहीत आहे.

सुरुवातीला थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, आणि एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. सेकंदाला एक लाख घनफूट पाणी अखंड चोवीस तास सोडले तर ८.६४ टीएमसी पाणी खाली येते. हा हिशेब मी नववीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवला तेव्हा मुले एकदम शांत झाली, कारण बहुतेकांच्या घरांत पाणी येऊन गेलेले होते. दरवर्षी पहिला संदेश येतो तो पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक सोडल्याचा. त्याने घाबरण्याचे कारण नसते, ती फक्त हंगाम सुरू झाल्याची सूचना असते. खरी काळजी सुरू होते ती सहा वक्र दरवाजे उचलले जातात तेव्हा. कोयनेचे पाणी सांगलीत पोहोचायला साधारण एक ते सव्वा दिवस लागतो, असे पाटबंधारे खात्यात काम केलेल्या एका निवृत्त अभियंत्यांनी मला समजावून सांगितले. त्यांनीच आणखी एक गोष्ट मनावर बिंबवली, ती अशी की फक्त कोयनेकडे बघत बसू नये. धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी ही धरणे याच खोऱ्यात आहेत. धरणांच्या खालच्या मुक्त पाणलोट क्षेत्रात पडलेला पाऊस कोणत्याही दरवाजाने अडत नाही, आणि हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते तिथे वारणेलाही पूर असेल तर कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगते. म्हणून विसर्गाच्या आकड्यावरून अंदाज बांधावा, पण निर्णय मात्र पातळीच्या आकड्यावर घ्यावा.

आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २००५ मध्ये पाणी ५३ फूट ९ इंचांवर गेले होते आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फूट ६ इंचांवर. या दोन आकड्यांनीच आमचे काम सोपे केले.

ऑक्टोबरपासून ठरवलेले मोजमाप निवडणुकीच्या ड्यूटीमुळे लांबत गेले आणि अखेर २४ नोव्हेंबर २०२४ च्या रविवारी हातात घेतले. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेषा अजून आहे. दोनदा रंग दिला तरी ओल वर येतेच आणि ती तपकिरी कड पुन्हा दिसू लागते. उंबऱ्यापासून ती रेषा ६ फूट १० इंच उंच भरली. म्हणजे ५७ फूट ६ इंचांतून ते वजा केले की आमचा उंबरा आयर्विनच्या ५० फूट ८ इंचांना बुडतो. हे बरोबर आहे का, हे पडताळण्यासाठी मी सासूबाईंना २००५ चे विचारले. त्यांनी क्षणाचाही विचार न करता माजघरातल्या फडताळाच्या दुसऱ्या कप्प्यावर हात ठेवला, कारण त्या कप्प्यातल्या लग्नाच्या साड्या त्या वर्षी भिजल्या होत्या. हिशेबाने पाणी ३ फूट १ इंच यायला हवे होते, आणि कप्पा ३ फूट ३ इंचांवर आहे. एकोणीस वर्षांपूर्वीच्या आठवणीत दोन इंचांचा फरक, याचा मला मनापासून आनंद झाला. ज्यांच्या घरात जुनी माणसे आहेत त्यांनी ही विचारपूस टाळू नये. कोणत्या वर्षी पाणी कुठल्या वस्तूला लागले, हे त्यांच्याइतके नेमके कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

मात्र उंबऱ्याचा आकडा मिळाल्यावर माझी जी निश्चिंती झाली ती चुकीची होती, आणि ते माझ्या लक्षात आणून दिले शेजारच्या गवळीकाकांनी. ते म्हणाले, "बाई, उंबऱ्याचं सोडा. गल्लीचं तोंड कधी बुडतंय ते बघा. एकदा तिथं पाणी आलं की घर कोरडं असून काय उपेग?" त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. आमची गल्ली घरांकडून मुख्य रस्त्याकडे उतरत जाते, त्यामुळे पाणी घरात येण्याच्या खूप आधी वाट बंद होते.

हा उतार मोजण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. गवंडी पाया समपातळीत घेण्यासाठी पाण्याची पारदर्शक नळी वापरतात, तीच पन्नास फुटांची नळी मी ६०० रुपयांना आणली. नळीत पाणी भरून, बुडबुडे पूर्ण काढून, दोन टोके दोन माणसांनी धरली की दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीत उभे राहते. एका टोकाची खूण करायची, मग पुढे सरकायचे. सात टप्प्यांत आम्ही गल्लीच्या तोंडापर्यंत पोहोचलो आणि तिथला विजेचा खांब आमच्या उंबऱ्यापेक्षा ६ फूट ८ इंच खाली निघाला. म्हणजे आमचा रस्ता ४४ फुटांना बंद होतो. घर ५० फूट ८ इंचांना आणि रस्ता ४४ फुटांना! मधल्या साडेसहा फुटांत माणूस स्वतःच्या कोरड्या घरात अडकतो आणि मग बोटीची वाट पाहतो. २०१९ मध्ये आम्ही पाच दिवस वरच्या मजल्यावर काढले ते याच साडेसहा फुटांच्या भ्रमापायी. ८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटून जी माणसे गेली त्यांची आठवण या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. बोटीत बसण्याची वेळच येऊ नये, पायाखाली रस्ता असताना निघावे, हे मी तेव्हापासून स्वतःशी पक्के केले आहे.

जे पुलापासून दूर राहतात त्यांनी आयर्विनचा आकडा वापरू नये, कारण पुरातही नदीच्या पाण्याला उतार असतो. बहे, ताकारी, भिलवडी, अंकली, म्हैसाळ या ठिकाणच्या पातळ्याही रोजच्या पत्रकात असतात. आपल्याला जवळचे ठिकाण धरावे आणि आपल्या भिंतीवरची खूण त्याच ठिकाणच्या त्या वर्षीच्या उच्चांकाशी जोडावी.

डिसेंबर शाळेच्या स्नेहसंमेलनात गेला. ६ जानेवारी २०२५ रोजी मी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. मला तीन गोष्टी हव्या होत्या: आमच्या भागाचा पूररेषेचा नकाशा, आमच्या प्रभागासाठी नेमलेल्या निवारा केंद्रांची यादी, आणि धरण सुरक्षा कायदा २०२१ प्रमाणे धरणासाठी जो आपत्कालीन कृती आराखडा तयार करायचा असतो त्यातील खालच्या गावांना सूचना देण्याविषयीचा भाग. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. सदतिसाव्या दिवशी, १२ फेब्रुवारीला, एका ओळीचे पत्र आले की ही माहिती आमच्या कार्यालयाशी संबंधित नाही. वास्तविक माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज पाच दिवसांच्या आत तिकडे वर्ग करण्याची जबाबदारी अर्ज घेणाऱ्या कार्यालयाचीच असते, अर्जदाराची नाही. त्या दिवशी मला अतिशय हताश वाटले. मी कोणावर आरोप करण्यासाठी अर्ज केलेला नव्हता, मला फक्त माझ्या घराची जागा नकाशावर बघायची होती.

तरीही २० फेब्रुवारीला वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिले अपील दाखल केले. मधल्या काळात दहावीच्या परीक्षा पार पडल्या आणि मी २६ मार्चच्या सुनावणीला गेले. अपिलीय अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले, दहा मिनिटांत योग्य कार्यालयाला पत्र काढायला सांगितले आणि ४ एप्रिलला मला नकाशा पाहण्यासाठी बोलावणे आले. कागदपत्रे पाहण्याचा पहिला तास निःशुल्क असतो. मला तेवढा पुरला. अर्ज करणाऱ्यांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. एका अर्जात तीन कार्यालयांची माहिती मागण्याऐवजी तीन वेगळे अर्ज करावेत, त्यामुळे खर्च वीस रुपयांनी वाढतो पण तीन महिने वाचतात. आणि प्रती मागण्याबरोबरच प्रत्यक्ष पाहणीची परवानगीही मागावी, कारण मोठा नकाशा छायाप्रतीत वाचता येत नाही.

नकाशावर दोन रेषा होत्या. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. आमच्या गल्लीतील खालची अकरा घरे निळ्या रेषेच्या आत होती, उरलेली पंधरा दोन्ही रेषांच्या मध्ये. तेथील तरुण लिपिकांनी स्वतःहून स्टूल आणून दिले आणि बोट ठेवून मारुतीचे देऊळ दाखवले, तेव्हा कुठे मला आमचे घर सापडले. शंभर वर्षांतून एकदा या शब्दांनी फसू नये, हे मी इथे आवर्जून सांगते. त्याचा अर्थ एकदा येऊन गेला की पुढची शंभर वर्षे सुट्टी असा होत नाही, तर दरवर्षी शंभरात एक एवढी शक्यता असा होतो. २०१९ आणि २०२१ मध्ये फक्त दोन वर्षांचे अंतर होते.

निवारा केंद्रांची यादी त्याच महिन्यात मिळाली. कृती आराखड्याबाबत तो तयार करण्याचे काम चालू असल्याचे कळवण्यात आले. अस्तित्वात असलेल्या धरणांसाठी कायद्याने पाच वर्षांची मुदत दिली आहे आणि कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला, त्यामुळे ती मुदत २०२६ च्या अखेरीस संपते. मी तेव्हा पुन्हा अर्ज करणार आहे.

एप्रिलमध्ये घराचा विमा घेतला. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी मिळते आणि त्यात पुराचे नुकसान धरलेले असते. इमारतीचा विमा १८ लाखांचा घेतला, त्यासोबत घरातील वस्तूंसाठी इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजारांचे संरक्षण आपोआप मिळाले. वर्षाचा हप्ता करासह दीड हजाराच्या आसपास बसला. पूर्वीच्या पुरांची माहिती प्रस्तावात स्पष्ट लिहिली. ती लपवली तर पुढे दावा अडकतो. पाणी चढू लागल्यावर विमा काढायला धावू नये, ते हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात उरकण्याचे काम आहे. त्याच दिवशी प्रत्येक खोलीचे, उघड्या कपाटांसह, छायाचित्र काढले आणि मोठ्या वस्तूंच्या पावत्या एकत्र केल्या. २०१९ नंतर पंचनाम्याच्या वेळी आमच्याकडे फ्रिज होता हे सिद्ध करायलाही काही नव्हते.

कागदपत्रांचे काम वरकरणी किरकोळ वाटते, परंतु त्याला सगळ्यांत जास्त दिवस लागले. आधार, शिधापत्रिका, घरपट्टीची पावती, बँकेचे पासबुक यांची प्रत्येकी एक प्रत पाणी न शिरणाऱ्या पाकिटात घातली, जे डिजिलॉकरमध्ये येते ते तिथे घेतले, आणि घराचे मूळ खरेदीखत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले. पण लॉकर तळघरात नाही ना, हे आधी विचारून घेतले. सानुग्रह अनुदान असो वा नुकसानभरपाई, पासबुकावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नसेल तर हेलपाटे चुकत नाहीत. सासूबाईंच्या नावात एका वेलांटीचा फरक होता, तो दुरुस्त व्हायला पाच आठवडे लागले.

११ मे २०२५ च्या रविवारी मारुतीच्या देवळात गल्लीची बैठक बोलावली. सव्वीस घरांपैकी एकोणीस घरांतून माणसे आली. पहिला अर्धा तास कृष्णेवरच्या कर्नाटकातील अलमट्टी धरणाची उंची वाढवावी की नाही यावरच गेला. तो प्रश्न मोठा आहे आणि आमच्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा आहे, पण त्याचा निकाल देवळात लागणार नव्हता. मी नळीने केलेल्या मोजमापाचा कागद पुढे ठेवला तेव्हा चर्चा वळली. प्रत्येकाला आपल्या घराचा आकडा हवा होता. पुढच्या दोन रविवारी आठवीतल्या मुलांनी नळी धरून सव्वीसही उंबरे मोजले, आणि सर्वांत खालचा उंबरा ४५ फूट २ इंचांचा निघाला. त्या घरात बाळंतीण होती.

त्यातून कोणत्या पातळीला काय करायचे याच्या आमच्या पायऱ्या ठरल्या. २०२१ मध्ये मी स्वतः लिहून ठेवलेल्या नोंदींप्रमाणे एका रात्रीत पाणी चार फुटांहून अधिक चढले होते. रस्ता ४४ ला बंद होतो, रात्र चार फुटांची धरायची, म्हणून आयर्विनला ४० झाले आणि पाणी चढतेच असेल तर त्या संध्याकाळी गल्लीत कोणी झोपायचे नाही. तीसला औषधे, पिशव्या आणि मोबाइलच्या बॅटऱ्या तपासायच्या, वरच्या टाक्या पिण्याच्या पाण्याने भरून घ्यायच्या. पस्तीसला म्हातारी माणसे, बाळंतीण, लहान मुले आणि जनावरे हलवायची, तळमजल्यावरचे धान्य व गाद्या वर चढवायच्या, इन्व्हर्टरची बॅटरी काढून माळ्यावर ठेवायची. चाळीसला मुख्य स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करून उरलेल्यांनी निघायचे. हे आकडे आमच्या गल्लीचे आहेत. दुसऱ्या कोणी ते जसेच्या तसे उचलले तर घात होईल.

पस्तीसचा आकडा गवळीकाकांनी लावून धरला. मी सुरुवातीला अडतीस सुचवले होते. ते म्हणाले, "अकरा म्हशी हायत्या. गाडी मिळायला चार तास, चढवायला दोन, आन् गाभण म्हस घाईनं चढत न्हाई." त्यांनी कुपवाडच्या बाजूला पाहुण्यांच्या मोकळ्या जागेत आधीच बोलणी करून ठेवली, कडब्याच्या पेंढ्या तिथे मे महिन्यातच टाकल्या, आणि प्रत्येक म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक वहीत लिहून घेतला. २०१९ मध्ये त्यांच्या तीन म्हशी गेल्या होत्या. त्याविषयी ते कधी बोलत नाहीत, पण बैठकीत त्यांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली, की वेळ आलीच तर जनावराचे दावे कापा, बांधून ठेवून निघू नका.

प्रत्येक घराने तीनशे रुपये काढले, त्यातून ७,८०० रुपये जमले. सहा लाइफ जॅकेट ५,१०० रुपयांची, शंभर फूट दोर ९०० रुपयांचा, हातात धरून बोलायचा कर्णा १,४०० रुपयांचा आणि गल्लीच्या तोंडाच्या खांबावर फुटांच्या खुणा रंगवायला २५० रुपये लागले. जूनमध्ये सावकाश करायची खरेदी आम्हाला घाईने करावी लागली, कारण त्या वर्षी मोसमी पाऊस मे महिन्याच्या अखेरीसच राज्यात पोहोचला.

सासूबाईंची समजूत हा या सगळ्यातला माझ्यासाठी सर्वांत कठीण भाग होता. त्यांच्या मते कृष्णामाई दारात आली की तिची ओटी भरावी आणि ती आपली आपण परत जाते, घर सोडून पळणे हा तिचा अपमान आहे. मी आकडे सांगितले, नकाशा सांगितला, डॉक्टरांचे म्हणणे सांगितले, कशाचाही उपयोग झाला नाही. शेवटी मी वाद घालणे सोडले आणि नुसते विचारले, "आई, तुम्हाला इथून काय सोडून जाववत नाही?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "अगं, देव पाण्यात टाकून मी कोरड्यात कशी बसू?" २००५ मध्ये बोटीतून त्यांना नेले तेव्हा देवघर मागे राहिले होते, हे मला लग्नानंतर सतरा वर्षांनी कळले. आम्ही देवांसाठी झाकणाची एक पत्र्याची पेटी आणली, आत सुती कापड घातले, आणि यादीत पस्तीसच्या पायरीवर पहिली ओळ त्यांच्याच अक्षरात लिहिली गेली: देव. त्यानंतर त्यांनी कधीही नकार दिला नाही. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे निघायला तयार होत नाहीत त्यांनी धोका पटवून देण्यापूर्वी हा प्रश्न विचारून पाहावा, असे मला कळकळीने वाटते.

परीक्षेची वेळ ऑगस्टमध्ये आली. १९ आणि २० ऑगस्ट २०२५ या दोन दिवसांत कोयनेच्या पाणलोटात पावसाने उसंत घेतली नाही आणि विसर्ग ९० हजार क्युसेकच्या पुढे गेला. गणेश चतुर्थी एका आठवड्यावर होती. कोपऱ्यावरच्या मूर्तिकारांच्या मंडपात रंगवलेल्या मूर्ती ओळीने उभ्या होत्या. मोबाइलवर पुन्हा तेच संदेश येऊ लागले. फरक इतकाच की या वेळी गल्लीत एक नियम होता: ज्या संदेशात तारीख, वेळ आणि पातळीचे ठिकाण नाही तो पुढे पाठवायचा नाही. शंका आली तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ क्रमांकावर विचारायचे. मी दोनदा विचारले, दोन्ही वेळा उत्तर मिळाले.

पस्तीसची खूण ओलांडली तेव्हा मी शाळेत होते. घरी येईपर्यंत बाळंतीण आणि तिचे बाळ माहेरी रवाना झाले होते आणि म्हशींची दुसरी गाडी गल्लीतून बाहेर पडत होती. सासूबाई पेटी मांडीवर घेऊन ओट्यावर तयार बसल्या होत्या. विश्रामबागेत नणंदेकडे त्यांना सोडून मी परत आले. मूर्ती हलवायला गल्लीतली सगळी मुले लागली, शेवटच्या फेरीपर्यंत पाऊस कोसळत होता. पुढच्या चोवीस तासांत इशारा पातळी ओलांडली गेली आणि ठरल्याप्रमाणे आम्ही कुलूप लावून निघालो. घरून निघण्याच्या तयारीला या वेळी चाळीस मिनिटे लागली.

पाणी धोका पातळीच्या आतच थांबले. गल्लीच्या तोंडाच्या गटारातून ते वर आले, खांबाच्या बुडाशी येऊन टेकले आणि उतरू लागले. कोणाच्याही घरात गेले नाही. काही जण म्हणाले की उगाच निघालो, दोन दिवसांचा धंदा बुडाला. त्यांचे नुकसान खरे आहे आणि मी त्यावर वाद घातला नाही. रोजच्या कमाईवर जगणाऱ्या माणसासाठी दोन दिवस ही लहान गोष्ट नाही, आणि पुढच्या वर्षीच्या वर्गणीतून अशा घरांना थोडा आधार देता येईल का, यावर आता बोलणे चालू आहे.

परत आल्यावर पहिल्या दिवशी गटारे धुऊन चुन्याची फक्की टाकली, वरच्या टाकीचे पाणी क्लोरीनचे द्रावण घालूनच वापरले. चिखलात काम करणाऱ्यांनी आरोग्य केंद्रात जाऊन लेप्टोस्पायरोसिसच्या गोळ्यांविषयी विचारले. ज्यांच्या पायांना जखमा होत्या त्यांना गमबूट घातल्याशिवाय उतरू दिले नाही. पिशवीतली औषधे जानेवारीत बदलायची आहेत, आणि सुट्या नोटांचे पाकीट मात्र त्यातून कोणी काढू नये यावर माझे लक्ष असते, कारण वीज गेली की एटीएम चालत नाही.

दिवाळीनंतर मुख्य रस्त्यावर नव्याने डांबर पडले आणि गल्लीच्या तोंडाशी तो चार बोटे उचलला गेला. खांबावरची आमची सर्वांत खालची रेघ त्याखाली गेली. म्हणजे ४४ चा आकडा आता तसाच राहिलेला नाही, आणि पावसाचे पाणी आत तुंबेल की काय हेही पाहायला हवे. नळी माळ्यावरून काढून ठेवली आहे. येत्या रविवारी सकाळी आठला सगळे उंबरे पुन्हा मोजायचे ठरले आहे.